मरियम्नेचा विवाह आणि हास्मोनी वारसा

हिर्कानस व आरिस्टोब्यूलस या हास्मोनी बंधूंच्या कलहामुळे इ. स. पू. ६३ मध्ये यहूदिया रोमच्या अंकित झाला. हिर्कानसाची कन्या आरिस्टोब्यूलसाच्या पुत्रास दिलेली होती. त्यांची कन्या मरियम्ने ही दोन्ही शाखांची नात होय. इ. स. पू. ३७ मध्ये जेरुसलेमला वेढा घालून बसलेला हेरोद मध्येच शोमरोनास जाऊन तिच्याशी विवाहबद्ध झाला. एवढे या संबंधाचे मोल होते. या इदुमी पुरुषास राजपद रोमने दिले होते, हास्मोनी वारसा मात्र पत्नीकडूनच यावयाचा होता. आणि पत्नीचा वारसा तिच्या आप्तांचाही असतो! प्रथम तिचा बंधू, नंतर मातामह हिर्कानस, इ. स. पू. २९ मध्ये ती स्वतः व पुढे तिचे दोन पुत्र हेरोदाच्या आज्ञेने मारले गेले. जोसिफस तिच्या वधास प्रामुख्याने पतीचा मत्सर कारण मानतो. हा क्रम पाहता ते पुरेसे वाटत नाही. तिचा नातू अग्रिप्पा इ. स. ४१ मध्ये यहूदियाचा राजा झाला.