आधी फाइल तपासा, मग कॅसेट

१९९५ साली आलेल्या डीव्ही कॅसेटमुळे घरगुती चित्रीकरणाचा दर्जा एकदम वर गेला. पाव इंच रुंदीच्या फितीवर चित्र आकड्यांच्या रूपात साठवलं जाऊ लागलं. आपल्याकडची कितीतरी लग्नं, मुंजी, बारशी मिनीडीव्हीवर आहेत. ती कॉम्प्युटरवर उतरवली की तक्रार ठरलेली: चित्र धूसर दिसतं, टीव्हीवर असं दिसत नव्हतं. मग कॅप्चर बिघडलं असं समजून तीच जुनी फीत पुन्हा पुन्हा चालवली जाते आणि दर वेळी थोडी झिजते. ही आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी अशातली गत आहे. दोष बहुधा फितीतही नसतो आणि फाइलमध्येही नसतो. तो चित्र दाखवणाऱ्या प्लेअरमध्ये असतो.

याचा पुरावा कॅप्चरच्या पद्धतीतच आहे. फायरवायर केबलने कॅप्चर करताना नवं रेकॉर्डिंग होत नाही, फितीवरचे आकडे जसेच्या तसे हार्डडिस्कवर येतात. वाचताना चूक झालीच तर चित्रात चौकोनी ठिकऱ्या उडतात, आवाज तुटतो. सगळं चित्र एकसारखं धूसर होत नाही. फाइलचं वजनही साक्ष देतं. डीव्हीच्या एका तासाला सुमारे १३ जीबी लागतात. तेवढी फाइल असेल आणि तिची मापं ७२० बाय ५७६ असतील, तर मूळ चित्र शाबूत आहे. मग ते धूसर का? जुन्या क्विकटाइम प्लेअरचं उदाहरण घ्या. त्या काळच्या प्रोसेसरवर भार पडू नये म्हणून तो डीव्ही फाइल मुद्दाम कमी दर्जात दाखवी. सेटिंगमध्ये ‘हाय क्वालिटी’वर खूण केली की त्याच फाइलमधून तपशील उमटत. दुसरं कारण ओळींचं. आपल्याकडच्या टीव्हीच्या ‘पाल’ (PAL) पद्धतीत ५७६ ओळींचं प्रत्येक चित्र एकाआड एक ओळींच्या दोन हप्त्यांत टिपलेलं असतं. कॉम्प्युटर ते हप्ते एकदम दाखवतो, म्हणून हलत्या हाताच्या कडेला कंगव्यासारखे दाते दिसतात. व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘डीइंटरलेस’ सुरू करून ‘याडिफ’ निवडावं. ‘डिस्कार्ड’ निवडलं तर निम्म्या ओळी टाकूनच दिल्या जातात.

टीव्हीवर चांगलं दिसायचं, हा आक्षेप खराच आहे. पण तो काचेच्या नळीचा टीव्ही याच हप्त्यांसाठी बनलेला होता आणि पडदाही लहान होता. आजच्या मोठ्या पडद्यावर ५७६ ओळी ताणल्या जाणारच. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: फाइलच निकृष्ट असली तर? असू शकते. कॅप्चर करतानाच सॉफ्टवेअरने ती दाबलेली असेल, तर तासाभराची फाइल एखाद-दोन जीबीचीच भरेल. दुकानातून व्हीसीडी करून आणली असेल, तर मापं ३५२ बाय २८८ निघतील. अशा वेळी, आणि फक्त अशाच वेळी, कॅसेट पुन्हा चालवावी. चित्र ‘सुधारून’ देणारी सॉफ्टवेअरं हा त्यावरचा उपाय नव्हे. ती नसलेला तपशील अंदाजाने भरतात, आणि आजीच्या चेहऱ्यावर असा अंदाज मला तरी मान्य नाही. फाइल तपासून होईपर्यंत मूळ कॅसेट टाकू नका, आणि तपासून झाल्यावर १३ जीबीची मूळ फाइलही पुसू नका.