अन्नपूर्णेच्या दारी येणारे धान्य

काशीच्या अन्नपूर्णेपुढे साक्षात विश्वेश्वर भिक्षापात्र घेऊन उभा राहतो, ही कथा आपल्याकडे घरोघर ठाऊक आहे. तिचे आजचे मंदिर अठराव्या शतकात थोरल्या बाजीरावांनी बांधविले असे सांगतात. म्हणून मराठी यात्रेकरूला त्या देवळाचा विशेष जिव्हाळा. परंतु देवीच्या पळीतील तांदूळ काही काशीच्या गल्लीबोळांत पिकत नाही. तो वाहून आणावा लागतो. ही वाहतूक कशी चालते हे समजून घेतल्यावाचून अन्नाचा हिशेब पुरा होत नाही.

पूर्वी लमाणांचे तांडे बैलांच्या पाठीवरून धान्य आणीत, आणि मोठा माल गंगेतून नावांनी येई. त्या काळी शेजारचे मिर्झापूर ही व्यापाराची थोर पेठ होती. १८६२ साली आगगाडी गंगेच्या पैलतीरी मुगलसरायपर्यंत आली आणि व्यापाराने आपली वाट बदलली. मिर्झापूरचे वैभव ओसरू लागले. १८८७ साली काशीजवळ गंगेवर पूल झाला. पुढे मालवीयांचे नाव मिळालेल्या या पुलावर खाली लोहमार्ग आणि वर रस्ता अशी दुहेरी योजना आहे. भाराच्या वाढत्या वाहतुकीला तो अपुरा पडू लागल्याने २०२४ साली चार लोहमार्ग व सहापदरी रस्ता असलेल्या नव्या पुलाला केंद्र सरकारने मान्यता दिली.

आता धान्याचा प्रवास पाहू. नदीपलीकडचा चंदौली जिल्हा भाताचे कोठार म्हणून प्रसिद्ध. शेतकऱ्याचे भात खरेदी-केंद्रावर येते, तेथून गिरणीत जाते. १०० किलो भाताचा ६७ किलो तांदूळ व्हावा, असे सरकारी प्रमाण आहे. तो तांदूळ गोदामात, आणि गोदामातून रास्त भावाच्या दुकानात जातो. लांबचा पल्ला आगगाडीचा, जवळचा ट्रकचा, असा हा श्रमविभाग आहे.

धान्याच्या एका मालगाडीत सुमारे २,६०० टन माल मावतो. म्हणजे ५० किलोंची ५२,००० पोती. एका ट्रकमध्ये १८ टन धरले, तर ही एक गाडी रिती करावयास १४५ खेपा लागतात. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यान्वये सामान्य लाभार्थ्यास दरमहा ५ किलो धान्य मिळते. त्या मानाने एक मालगाडी म्हणजे ५ लाख २० हजार माणसांचा महिन्याचा शिधा होय. वाघिणीतून ट्रकात, ट्रकातून गोदामात, पुन्हा ट्रकात आणि अखेर दुकानात, असे प्रत्येक पोते निदान चार वेळा हमालाच्या पाठीवर चढते. दर चढउतारीला थोडे धान्य सांडते आणि थोडी मजुरी चढते.

भाड्याचे गणितही असेच आहे. धान्य पोहोचविणाऱ्या ट्रकला परतीचा माल मिळाला नाही, तर रिकाम्या फेरीचा खर्च धान्यावरच बसतो. मग मालक जादा पोती लादण्याच्या मोहात पडतो. परंतु आसावरील भार दुप्पट झाला, तर रस्त्याची झीज सुमारे सोळापट होते. म्हणजे खाजगी बचतीची भरपाई सार्वजनिक तिजोरी करते. २०१८ साली सरकारने तीन आसांच्या ट्रकची मालासह वजनमर्यादा २५ टनांवरून २८.५ टनांवर नेली. मर्यादा वाढली, तरी मर्यादेचे कारण बदललेले नाही.

२०१८ सालीच रामनगरला गंगेवर मालवाहू बंदर सुरू झाले. जलमार्ग स्वस्त खरा. पण बंदरापर्यंत आणि बंदरापासून पुढे ट्रक हवाच, आणि दोन चढउतारी वाढतात. म्हणून नुसता मैलाचा दर पाहून भागत नाही, पोते किती वेळा उचलावे लागते हेही पाहावे लागते.

पीक उदंड आले म्हणजे अन्नाचा प्रश्न सुटला, असे आपण सहज मानतो. वस्तुतः गोदामात साठलेले धान्य हे अद्याप अन्न नव्हे. गरिबाच्या चुलीपर्यंत ते वेळेवर पोहोचेल तेव्हाच त्याला ते नाव शोभेल. पावसाळ्यात ताडपत्रीखाली अडकून पडलेल्या एका ट्रकची किंमत भाड्याच्या पावतीवर दिसत नाही. ती त्या दिवशी न पेटलेल्या चुली मोजतात.