संगणक बदलण्याआधी फुटेज तपासा

मोबाइलवर टिपलेले लग्नाचे किंवा सहलीचे फुटेज संगणकावर घ्यावे, एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाइमलाइनवर ठेवावे, स्पेसबार दाबावा आणि दोन सेकंदांत चित्र जागच्या जागी थिजावे, आवाज मात्र चालूच राहावा, हा प्रकार आता घरोघरी ओळखीचा झाला आहे. कसेबसे काम पुरे केले, तर एक्सपोर्ट मध्येच अडकतो. मग बहुतेक जण एकच निष्कर्ष काढतात: संगणक जुना झाला. रॅम वाढवली जाते, ग्राफिक्स कार्डाची चौकशी सुरू होते, हप्त्यावर नवा लॅपटॉपही येतो. कित्येकदा हा खर्च चुकीच्या जागी होतो, असे माझे स्पष्ट मत आहे. दोष बहुधा यंत्राच्या ताकदीत नसतो, फुटेज ज्या स्वरूपात साठवले आहे त्यात असतो. मोबाइल जी फाइल तयार करतो ती साठवायला आणि पाहायला सोयीची असते. कापाकापीसाठी ती बनलेलीच नसते.

थोडा हिशेब मांडला की हे लक्षात येते. ४के चित्राच्या एका फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख बिंदू असतात. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या, तर एका मिनिटाचे असे चित्र दाबून लहान न करता साठवायला किमान २२ जीबी जागा लागेल. आयफोन तेच मिनिट सुमारे १७० एमबीत बसवतो. हे काम कोडेकचे, म्हणजे चित्र दाबून लहान करण्याच्या पद्धतीचे. २००३ मध्ये प्रमाणित झालेला एच.२६४ आणि २०१३ मध्ये आलेला एच.२६५ प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहीतच नाहीत. अधूनमधून एखादी फ्रेम पूर्ण साठवायची, पुढच्या फ्रेममध्ये फक्त काय बदलले तेवढेच नोंदवायचे, अशी त्यांची रीत आहे. उधारीच्या वहीत महिन्याच्या सुरुवातीची बाकी आणि त्यानंतरच्या नोंदी असाव्यात, तसेच हे. अठरा तारखेची बाकी सांगायची तर एक तारखेपासून बेरीज करत यावे लागते. शिवाय काही फ्रेम मागच्या फ्रेमइतक्याच पुढच्या फ्रेमवरही अवलंबून असतात. एच.२६५ त्याच दर्जाचे चित्र साधारण निम्म्या जागेत बसवू शकतो, पण त्या बदल्यात आकडेमोड बरीच वाढवतो. वाचवलेल्या जागेची किंमत अशी प्रोसेसर भरतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला आहे. तीच फाइल व्हीएलसी प्लेअरमध्ये सुरळीत चालते, तेव्हा खोट एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्येच असणार, नाही का? पण प्लेअरला फक्त पुढे जायचे असते. एकामागून एक फ्रेम उलगडत जाणे हेच त्या कोडेकला सर्वांत सोपे काम. एडिटर मात्र मध्येच उडी मारतो, दोन फ्रेम मागे येतो, उलटे चालवून पाहतो, एका क्लिपवर दुसरी ठेवतो, त्यावर रंगाची दुरुस्ती आणि अक्षरे चढवतो. प्रत्येक उडीला सॉफ्टवेअरला मागची पूर्ण फ्रेम शोधून तिथपासून बेरीज नव्याने करावी लागते. ती वेळेत झाली नाही की चित्र थांबते. आवाजाचा डेटा थोडा असतो आणि तो तुटला तर कानाला लगेच खटकते. म्हणून सॉफ्टवेअर आवाज अखंड ठेवते आणि न झेपलेल्या फ्रेम गाळते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: यंत्र पुरेसे ताकदवान असेल तर ही आकडेमोडही झेपेल. हे अंशतः खरेच आहे. ग्राफिक्स कार्डावर, आणि इंटेलने २०११ मध्ये क्विक सिंक आणले तेव्हापासून प्रोसेसरमध्येही, कोडेक उलगडण्यासाठी वेगळी सर्किटे असतात आणि त्यांचा फरक मोठा पडतो. पण ही सर्किटे ठरावीक प्रकारच्या फाइलच ओळखतात. सोनीच्या ए७एस थ्री या २०२० च्या कॅमेऱ्याला १० बिट, ४:२:२ रंगनोंदीचे, म्हणजे रंग अधिक बारकाईने नोंदवणारे, फुटेज टिपता येते. त्या प्रकारचे एच.२६५ फुटेज उलगडण्याची सोय इंटेलच्या अकराव्या पिढीच्या ग्राफिक्समध्ये होती, पण एनव्हिडियाच्या कार्डांत ती २०२५ च्या ५० मालिकेपासूनच आली. म्हणजे त्याआधीचे एनव्हिडियाचे महागडे कार्ड या एका कामात लॅपटॉपमधल्या साध्या इंटेल ग्राफिक्सच्या मागे पडत होते. पैसे किती मोजले यापेक्षा आपले फुटेज आणि आपले यंत्र यांची जोडी जुळते का, हा प्रश्न आधी विचारायला हवा.

जुळत नसेल तर उपाय म्हणजे प्रॉक्सी. मूळ फाइलची एक हलकी प्रत करायची, जिच्यात प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे साठवलेली असेल. काम त्या प्रतीवर करायचे आणि एक्सपोर्टच्या वेळी सॉफ्टवेअरने पुन्हा मूळ फाइल उचलायची. प्रीमियर प्रो, डाविंची रिझॉल्व्ह, फायनल कट प्रो आणि मोफत मिळणारे केडेनलाइव्ह या सगळ्यांत ही सोय आहे. पुष्कळांना ही गरिबाच्या संगणकाची तडजोड वाटते, आणि हा समज खोडलाच पाहिजे. फिल्मच्या काळात संकलक मूळ निगेटिव्हला हात लावत नसे. तो निगेटिव्हवरून काढलेली रश प्रिंट कापायचा, आणि निगेटिव्हच्या कडेवर छापलेल्या क्रमांकांवरून नंतर निगेटिव्ह जुळवली जायची. वॉल्टर मर्च यांनी ‘कोल्ड माउंटन’ हा २००३ चा भव्य चित्रपट ॲपलच्या पॉवर मॅक जी४ वर संकलित केला. फिल्मवर चित्रित केलेल्या त्या चित्रपटाच्या डिजिटल प्रतीच संगणकावर होत्या. त्या कामासाठी मर्च यांना ऑस्करचे नामांकन मिळाले.

प्रॉक्सीला जागा आणि वेळ लागतो, ही तक्रार खोटी नाही. प्रोरेस प्रॉक्सी या कोडेकमध्ये ७२० रेषांची एका तासाची प्रत सुमारे १० जीबी होते, म्हणजे आयफोनच्या मूळ ४के फाइलएवढीच. बिंदू नवव्या हिश्शाचे, तरी जागा तेवढीच: प्रत्येक फ्रेम स्वतंत्र ठेवण्याचा हा खर्च आहे. पण प्रती रात्रभरात तयार होतात आणि काम संपल्यावर पुसून टाकता येतात. रंग, फोकस आणि अंधारातल्या दृश्यातले दाणे मात्र मूळ फाइल लावूनच तपासावेत, आणि एक्सपोर्ट करताना प्रॉक्सी वापरण्याची खूण काढलेली आहे ना, हे पाहावे.

ओठांची हालचाल आणि आवाज हळूहळू एकमेकांपासून सुटत जाणे, हे वेगळ्या दोषाचे लक्षण. मोबाइल आणि स्क्रीन रेकॉर्डिंगची सॉफ्टवेअरे पुष्कळदा सेकंदाला ठरावीक फ्रेम घेत नाहीत. उजेड कमी झाला किंवा यंत्रावर ताण आला की संख्या घटते. टाइमलाइनला मात्र स्थिर वेग हवा असतो. हँडब्रेकसारख्या मोफत सॉफ्टवेअरमधून वेग स्थिर करून फाइल आधीच बदलून घेतली की हा त्रास टळतो.

एक्सपोर्ट अडकतो तेव्हा लोक तेच बटण पुन्हा पुन्हा दाबतात. त्याऐवजी तो कुठे अडकला, हे लिहून ठेवावे आणि एकदाच पुन्हा चालवून पाहावे. दोन्ही वेळा त्याच जागी थांबला, तर दोष टाइमलाइनवरच्या त्या ठिकाणी आहे: बिघडलेली क्लिप, एखादा इफेक्ट, एखादे वेडेवाकडे मोठे छायाचित्र. तेवढा भाग काढून पाहिला की कळते. जागा नेमकी सापडत नसेल तर टाइमलाइनचा अर्धा अर्धा भाग एक्सपोर्ट करून दोष अलग करावा. दर वेळी वेगळ्या जागी थांबत असेल, तर मात्र संशय यंत्रावर घ्यावा: तापलेला लॅपटॉप, भरत आलेली डिस्क, अपुरी रॅम, ग्राफिक्सचा ड्रायव्हर. फाइल ४ जीबीच्या जवळ पोहोचून थांबत असेल तर पेनड्राइव्ह किंवा डिस्क फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेली आहे का ते बघावे, कारण त्या पद्धतीत त्याहून मोठी फाइल मावतच नाही. सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचे दोष असतातच, हेही मान्य करायला हवे. म्हणूनच हातातले काम अर्धे असताना नवे अपडेट घालू नये. ग्राफिक्स कार्डाचा वापर बंद करून एकदा एक्सपोर्ट केला आणि तो पार पडला, तर दोष कार्ड, त्याचा ड्रायव्हर किंवा त्यावर चालणारा इफेक्ट यांच्यापैकी कशात तरी आहे.

मीडियाइन्फो नावाचे छोटे सॉफ्टवेअर मोफत मिळते. त्यात आपली एक क्लिप उघडा आणि कोडेक कोणता, फ्रेमचा वेग स्थिर की बदलता, बिट किती आणि रंगनोंद कोणती, एवढे वाचा. दुकानदाराशी रॅमबद्दल बोलायला जायचे, ते त्यानंतर.