इन्फ्रारेड दिव्याच्या ताकदीविषयीचे गैरसमज

टेक्सासमध्ये रानडुकरांचा एखादा कळप रात्री मक्याच्या किंवा भुईमुगाच्या रानात शिरला, की सकाळपर्यंत जमीन उकरून पिकाचा सत्यानाश झालेला असतो. ही डुकरे तिथली मूळची नव्हेत. युरोपातून आलेल्या वसाहतवाल्यांची पाळीव डुकरे मोकाट सुटली, पुढे विसाव्या शतकात शिकारीसाठी युरोपातली रानडुकरे आणून सोडली गेली, आणि त्यांच्या संकरातून आजची प्रजा वाढली. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या अंदाजानुसार देशभरात अशी ६० लाखांहून अधिक डुकरे आहेत आणि त्यांत सर्वात मोठा वाटा टेक्सासचा आहे. माणसांचा त्रास वाढला की ती दिवसा बाहेर पडणे सोडतात, म्हणून त्यांना आवरण्याचे काम बहुतेक रात्रीच चालते. १ सप्टेंबर २०१९ पासून तिथे खासगी जमिनीवर, मालकाच्या परवानगीने, रानडुक्कर मारायला शिकारीचा परवाना लागत नाही. त्यामुळे रात्रीच्या शिकारीचा काहीच अनुभव नसलेले लोकही नाइट व्हिजन स्कोप विकत घेतात आणि त्याच्यासोबत इन्फ्रारेड इल्युमिनेटर, म्हणजे डोळ्याला न दिसणारा उजेड फेकणारा दिवा. हा दिवा निवडताना बहुतेकांची नजर दोन आकड्यांवर जाते: वॅट किती आणि किती मीटरपर्यंत दिसेल. माझ्या मते हे दोन्ही आकडे शेवटी पाहायचे आहेत. दिव्याचा उजेड आपला सेन्सर पकडू शकतो का, तो हव्या त्या जागी पडतो का, आणि त्या उजेडात समोरचा प्राणी ओळखता येतो का, या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाल्याशिवाय ताकदीच्या आकड्याला अर्थ येत नाही.

पहिला घोटाळा ‘इन्फ्रारेड’ या एका नावाखाली दोन निराळ्या गोष्टी येण्यातून होतो. माणसाच्या डोळ्याला साधारण ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीचा प्रकाश दिसतो. इल्युमिनेटरचा उजेड त्याच्या लगतच, बहुधा ८५० किंवा ९४० नॅनोमीटरचा असतो. थर्मल कॅमेरा पकडतो ते मात्र प्राण्याच्या अंगाच्या उष्णतेतून बाहेर पडणारे ८ ते १४ मायक्रोमीटरचे, म्हणजे साधारण दहापट लांब तरंगांचे प्रारण. थर्मल स्कोपवर कितीही जबर इल्युमिनेटर बसवला तरी चित्रात काडीचाही फरक पडत नाही, तरी तो घेणारे असतात. नाइट व्हिजनमध्येही दोन घराणी आहेत. डिजिटल स्कोपात सिलिकॉनचा सेन्सर असतो आणि तो सुमारे १,१०० नॅनोमीटरपर्यंतचा उजेड कसाबसा पकडतो. जुन्या परंपरेतल्या इमेज इंटेन्सिफायर नळीत, विशेषतः तिसऱ्या पिढीच्या, गॅलियम आर्सेनाइडचा फोटोकॅथोड असतो आणि त्याची संवेदनक्षमता ९०० नॅनोमीटरच्या आसपास संपते. हजारो डॉलरच्या अशा नळीपुढे ९४० चा दिवा लावला, तर तो जवळपास न लावल्यासारखाच. उलट साध्या डिजिटल स्कोपात तोच दिवा चालतो, फक्त अंतराची किंमत मोजावी लागते: सिलिकॉनची ९४० वरची संवेदनक्षमता ८५० च्या साधारण निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येते. म्हणून ‘८५० चांगला की ९४०’ हा प्रश्न स्कोपाचे नाव घेतल्याशिवाय विचारताच येत नाही.

मग ९४० घ्यायचाच कशाला? कारण ८५० चा दिवा पूर्णपणे अदृश्य नसतो. समोरून पाहिले तर त्याच्या काचेत मंद लाल ठिपका दिसतो. माणसाच्या डोळ्याची संवेदनक्षमता ७०० ला झटकन तुटत नाही, ती हळूहळू विरत जाते. यावर शिकाऱ्यांचे ठरलेले उत्तर असते की, जनावरांना लाल दिसतच नाही. हा समज बहुधा हरणांवरून आलेला असावा. पांढऱ्या शेपटीच्या हरणाच्या डोळ्यात दोनच प्रकारच्या शंकुपेशी असतात आणि त्यांतल्या लांब तरंगांच्या पेशीचा शिखरबिंदू सुमारे ५३७ नॅनोमीटरला येतो, म्हणून लाल रंग त्याला खरोखरच फार फिका दिसतो. डुक्करही दोनच शंकुपेशींचा प्राणी आहे, पण त्याचे आकडे निराळे आहेत: ४३९ आणि ५५६. माणसाची लाल टोकाकडची पेशी सुमारे ५६० ला असते. म्हणजे त्या टोकाला डुक्कर आपल्यापेक्षा फारसे मागे नाही आणि हरणाचा नियम त्याला लावता येत नाही. जो ठिपका आपल्याला दिसतो तो डुकराला दिसणारच नाही, असे धरून चालायला या मोजमापांत आधार नाही. इतर प्राण्यांवरचे काम याच बाजूला जाते. न्यूझीलंडमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात काही फेरेट ८७० नॅनोमीटरच्या उजेडाला प्रतिसाद देताना आढळले. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवून दिले की वन्यजीव गणनेचे कॅमेरा ट्रॅप अनेक सस्तन प्राण्यांना ऐकूही येतात आणि त्यांचा इन्फ्रारेड उजेड दिसूही शकतो.

यावर रास्त आक्षेप असा की टेक्सासमध्ये ८५० च्या दिव्याखाली असंख्य डुकरे मारली गेली आहेत. ठिपका दिसत असता तर ती पळाली नसती का? आक्षेपात तथ्य आहे. ठिपका दिसणे आणि त्याची भीती वाटणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. डुक्कर डोळ्यापेक्षा नाकावर जगते. वारा पाठीमागून असेल तर ९४० चा दिवा कुणाला वाचवत नाही आणि वारा समोरून असेल तर ८५० चा ठिपका बहुतेक वेळा खपून जातो. पण ज्या कळपावर यापूर्वी गोळ्या झाडल्या गेल्या आहेत, तो लाल ठिपक्याचा अर्थ शिकणारच नाही, असे कोण म्हणेल? डुक्कर शिकणारे जनावर आहे. म्हणून माझे मत असे: मोकळ्या रानात शंभर मीटर किंवा पुढचे अंतर असेल तर ८५०, चाऱ्याच्या ठिकाणी चाळीस-पन्नास मीटरवर बसायचे असेल, कळप बुजरा असेल आणि स्कोप डिजिटल असेल, तर ९४०.

आता ताकद. जाहिरातीतला वॅटचा आकडा बहुधा बॅटरीतून ओढल्या जाणाऱ्या विजेचा असतो, बाहेर पडणाऱ्या उजेडाचा नव्हे. बरीच वीज उष्णता होऊन जाते आणि दिवा तापत गेला की उजेड आणखी उतरतो. काही विक्रेते इन्फ्रारेड दिव्यालाही लुमेनचा आकडा लावतात. लुमेन हे माप माणसाच्या डोळ्याच्या संवेदनक्षमतेवरच बेतलेले आहे, म्हणजे ज्या उजेडाला आपला डोळा जवळपास आंधळा आहे त्याचे लुमेन जवळपास शून्यच असणार. असा आकडा छापणाऱ्याच्या बाकीच्या आकड्यांवरही विश्वास ठेवू नये. त्याहून महत्त्वाचे म्हणजे अंतराचे गणित. उजेड अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात विरळ होतो. दुप्पट लांब पाहायचे तर चौपट ताकद हवी. तीच चौपट वाढ झोताचा कोन निम्मा करूनही मिळते, आणि त्यासाठी बॅटरी लागत नाही. दहा अंशांचा झोत शंभर मीटरवर सुमारे साडेसतरा मीटर व्यासाचे वर्तुळ उजळतो. स्कोपातून त्या अंतरावर दहा मीटर रुंदीचाच पट्टा दिसत असेल, तर निम्म्याहून अधिक उजेड चौकटीबाहेर वाया जातो. झोत फिरवून लहानमोठा करता येणारा कमी वॅटचा दिवा, रुंद झोताच्या जबर दिव्याला लांबच्या अंतरावर सहज मागे टाकतो. हाच वर्गाचा नियम ९४० ची किंमतही सांगतो: सेन्सरला निम्माच उजेड जाणवत असेल, तर शंभर मीटरची पोच सत्तरवर येते.

‘जास्त ताकद असली तर बिघडते कुठे?’ असा पुढचा प्रश्न. बिघडते, आणि नेमके वाईट रात्रींना बिघडते. घाटात दाट धुक्यात गाडीचा दिवा अप्पर केला की रस्ता दिसायचा सोडून समोर पांढरी भिंत उभी राहते. इल्युमिनेटरचेही तसेच होते. हवेतले धुके, कापणीच्या दिवसांतली धूळ, पाऊस, आणि सर्वात जास्त त्रास देणारे म्हणजे दहा मीटरवरचे उंच गवत. जवळच्या गवतावर पडणारा उजेड शंभर मीटरवरच्या डुकरावर पडणाऱ्या उजेडाच्या शंभर पट असतो. डिजिटल स्कोपाची स्वयंचलित यंत्रणा त्या लख्ख गवताकडे पाहून चित्र मंद करते आणि डुक्कर काळोखात बुडते. ताकद वाढवली की गवत आणखी उजळते आणि डुक्कर होते तिथेच राहते. यावर उपाय तीन: उजेड कमी करणे, झोत अरुंद करणे आणि दिवा भिंगापासून जरा वर किंवा बाजूला बसवणे, म्हणजे उधळून परत येणारा उजेड थेट भिंगात शिरत नाही. ताकद कमी-जास्त करता येणारा दिवा असेल तर मोठा आकडा चालेल, हे मान्य. पण मग आपण पैसे मोजतो ते कमी करण्याच्या सोयीचे, आकड्याचे नव्हे.

सर्वात धोकादायक गैरसमज मात्र ‘पोच’ या शब्दात दडलेला आहे. चारशे मीटर असे खोक्यावर लिहिले, की घेणाऱ्याला वाटते चारशे मीटरवर शिकार करता येईल. अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या जॉन जॉन्सन यांनी १९५८ मध्ये मांडलेले निकष आजही वापरले जातात. काहीतरी आहे एवढे कळायला त्या वस्तूच्या लहान बाजूवर रेषांची साधारण एक जोडी उठून दिसावी लागते. कोणत्या प्रकारची वस्तू आहे ते कळायला चार जोड्या, आणि नेमकी कोणती ते ओळखायला सहाहून अधिक. म्हणजे जिथे ठिपका दिसू लागतो त्याच्या साधारण सहाव्या हिश्शाच्या अंतरावर नेमकी ओळख पटू शकते. चारशेचे उरतात साठ-सत्तर मीटर, तेही स्वच्छ हवेत. टेक्सासच्या कुरणांत रात्री काळी वासरे असतात, राखणीचे कुत्रे असतात, कुंपण दुरुस्त करायला आलेला माणूसही असू शकतो. चमकणाऱ्या डोळ्यांवरून ओळखू, हे उत्तरही पुरत नाही. इन्फ्रारेडमध्ये कुत्रे, कोयोटी, हरणे आणि गुरे यांचे डोळे लख्ख चमकतात, कारण त्यांच्या दृष्टिपटलामागे प्रकाश परतवणारा थर असतो. डुकराच्या डोळ्यात हा थर नसतोच. म्हणजे ज्या जोडीवर नजर आधी जाते ती बहुधा डुकराची नसते आणि डुक्कर मात्र मंदच राहते. उजेड हवा तो प्राण्याच्या खांद्यावर, पाठीच्या रेषेवर, मुस्कटाच्या आकारावर, आणि तोही एकसारखा. मधोमध भगभगीत डाग आणि कडेला काळोख पाडणारा झोत लांबवर पोचत असला तरी इथे निरुपयोगी आहे. ओळख पटत नसेल तर गोळी झाडू नये, आणि जखमी जनावर काळोखात झाडीत निघून गेले तर त्याच्या हालांची जबाबदारी झाडणाऱ्याची, याबाबत मला कोणतीही सवलत मान्य नाही.

‘अदृश्य म्हणजे निर्धोक’ हाही असाच समज. जवळचा इन्फ्रारेड डोळ्यातून आत जाऊन दृष्टिपटलावर केंद्रित होतो, पण दिसत नसल्यामुळे पापणी मिटत नाही आणि बाहुलीही आकसत नाही. दिसणाऱ्या कमी ताकदीच्या लेसरसाठी पापणीच्या या प्रतिक्रियेवर विसंबणारा सुरक्षिततेचा ‘वर्ग २’ आहे. इन्फ्रारेडसाठी तो वर्गच ठेवलेला नाही. लेसर इल्युमिनेटर एलईडीपेक्षा फार लांब जातो हे खरे, पण त्याच्यावर वर्गाची नोंद नसेल तर तो घेऊच नये. आणि शेजारच्या रानात दुसरी टोळी नाइट व्हिजन लावून बसली असेल, तर तुमचा ‘अदृश्य’ दिवा त्यांना विजेरीसारखा दिसतो.

शेवटचा आक्षेप थर्मलवाल्यांचा: उष्णतेवर चालणारा स्कोप असताना दिव्याची कटकट हवीच कशाला? शोधायला थर्मल निर्विवाद सरस आहे. गवतामागचे ऊबदार अंग तो क्षणात दाखवतो आणि त्याला उजेड लागत नाही. पण त्याच्या चित्रात केस, शिंगाची कड, कानातला बिल्ला, तारेचे कुंपण हे तपशील विरतात, आणि साध्या काचेपलीकडचे तर काहीच दिसत नाही. ज्यांना परवडते ते थर्मलने शोधतात आणि इल्युमिनेटर लावलेल्या डिजिटल स्कोपाने खात्री करतात. ही जोडी मला पटते. महाराष्ट्रातही रानडुकरे विदर्भापासून कोकणापर्यंत पिके उद्ध्वस्त करतात, म्हणून हा विषय आपल्याला परका नाही. पण इथे १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा लागू आहे आणि वन खात्याच्या परवानगीशिवाय रानडुक्कर मारणे गुन्हा आहे, दिवा कोणताही असो. टेक्सासमधल्या मराठी माणसानेही जमीनमालकाची परवानगी आणि हरणांसारख्या प्राण्यांच्या रात्रीच्या शिकारीवर असलेली बंदी या दोन गोष्टी आधी तपासाव्यात. मग दिवा घरी आणून, बंदूक बाजूला ठेवून, काळोख्या रात्री कुरणात ५०, १०० आणि १५० मीटरवर गडद कापडाचे दोन आकार उभे करावेत, एक डुकराचा आणि एक वासराचा, आणि कोणता कुठे आहे हे दुसऱ्याला बदलत राहायला सांगावे. ज्या अंतरावर एकदाही चूक होत नाही ते त्या दिव्याचे, त्या स्कोपाचे आणि त्या डोळ्यांचे अंतर. दमट हवेत ते पुन्हा मोजावे.