नेमबाजी खेळांतील स्थलरचना

संगणकीय नेमबाजी खेळांत खेळाडू ज्या कल्पित जागेत वावरतो, त्या जागेची आखणी. ‘फर्स्ट पर्सन शूटर’ या प्रकारात खेळाडूस सर्व दृश्य पात्राच्याच डोळ्यांनी दिसते. पडद्यावर स्वतःचे केवळ हात व शस्त्र असते. त्यामुळे भिंती, दारे, जिने व काळोख यांच्या मांडणीस विशेष महत्त्व येते. एकट्याने खेळावयाच्या खेळातील अशा जागेस सामान्यतः ‘लेव्हल’ व अनेकांनी खेळावयाच्या खेळातील जागेस ‘मॅप’ म्हणतात.

तत्त्व : वाट व दृष्टी यांवर नियंत्रण ठेवणे हे या रचनेचे मूलतत्त्व असून ते दुर्गरचनेत फार पूर्वीपासून आढळते. मालवणसमोरील कुरटे बेटावरचा सिंधुदुर्ग (पायाभरणी १६६४) हे त्याचे उत्तम उदाहरण होय. त्याचा सु. ३ किमी. लांबीचा तट बेटाच्या कडेने नागमोडी वळणे घेत जातो. त्यामुळे तटाच्या पायथ्याशी आलेला शत्रू बाजूच्या बुरुजांच्या माऱ्यात सापडतो. महाद्वार किनाऱ्याच्या बाजूस असूनही बुरुजांच्या वळणात असे दडविले आहे, की अगदी जवळ जाईपर्यंत ते ध्यानात येत नाही. भोवतालच्या खडकांमुळे होड्यांनाही ठराविक वाटेनेच यावे लागते. दूधबाव, दहीबाव व साखरबाव या गोड्या पाण्याच्या विहिरी तटाच्या आत आहेत. तट दुरून दिसावा, वाट मात्र दिसू नये, अशी ही योजना आहे.

विकास : ‘वुल्फेन्स्टाइन थ्रीडी’ (१९९२) या खेळातील जमीन सपाट, भिंती सारख्या उंचीच्या व सर्व कोन काटकोन होते. त्याच इड सॉफ्टवेअर कंपनीच्या ‘डूम’ (१९९३) मध्ये उंचसखल जमीन, तिरप्या भिंती व कमीअधिक उजेड आला. जॉन रोमेरो याने आखलेली त्याची ‘हँगर’ ही पहिली लेव्हल खेळाडूंच्या विशेष आवडीची ठरली. तिच्यात खिडकीतून बाहेरचे अंगण व तेथे ठेवलेले चिलखत दिसते. परंतु तेथे जाणारी वाट गुप्त असते. बाहेरची जी जागा दिसते, तेथे कोठून तरी पोहोचता आलेच पाहिजे, हा रोमेरोचा एक दंडक होता. डूममध्ये एका खोलीवर दुसरी खोली रचता येत नसे. ‘क्वेक’ (१९९६) या खऱ्या त्रिमितीय खेळात ते शक्य झाले व वरूनखालून होणाऱ्या हल्ल्यांस महत्त्व आले. क्वेकच्या सामूहिक खेळात शस्त्रे व चिलखते ठराविक ठिकाणी पुनःपुन्हा प्रकट होतात. त्या जागांसाठी झुंज होते. वेढ्यात पाण्याला असते तेच मोल येथे त्यांना असते.

समतोल : ‘काउंटर-स्ट्राइक’ या खेळासाठी डेव्ह जॉन्स्टन याने २००१ मध्ये आखलेला ‘डस्ट टू’ हा मॅप अतिशय लोकप्रिय झाला, ‘काउंटर-स्ट्राइक टू’ (२०२३) मध्येही तो घेण्यात आला. हल्लेखोरांनी दोनपैकी एका ठिकाणी बॉम्ब लावावयाचा व रक्षकांनी ते रोखावयाचे, असा हा डाव आहे. वाटा थोड्या व स्पष्ट आहेत. मोक्याच्या जागी दोन्ही पक्ष जवळजवळ एकाच वेळी पोहोचतील, अशी अंतरे राखली आहेत. म्हणून डावाचा निकाल मुख्यतः कौशल्यावर व परस्पर सहकार्यावर ठरतो.

दुर्ग व खेळातील जागा यांतील मूलभूत भेद येथेच आहे. दुर्गाचा रचनाकार सर्व अनुकूलता रक्षकाच्या पदरात टाकतो. हल्लेखोराला वाट कधीच उमगू नये, हे त्याचे यश होय. खेळातील रचनाकारही वाट लपवितो, परंतु शोधणाऱ्यास ती सापडेल अशा खुणा ठेवून. हरलेला खेळाडू पुन्हा येतो आणि प्रत्येक फेरीत त्या जागेची त्याची ओळख वाढत जाते. डस्ट टूसारख्या जागा वर्षानुवर्षे खेळल्या जातात, त्याचे हे एक प्रमुख कारण होय.