सज्ज्यातील ऊर्ध्वमूल रोप

गीतेच्या पंधराव्या अध्यायात मुळे वर आणि शाखा खाली असलेल्या अश्वत्थाचे रूपक आले आहे. त्यावरचे ज्ञानेश्वरांचे विवेचन ज्यांनी मन लावून वाचले आहे, त्यांना बादलीच्या तळातून खाली लोंबणारे टोमॅटोचे रोप प्रथमच पाहताना त्या वृक्षाची आठवण झाल्यावाचून राहत नाही. तो वृक्ष संसाराचा आणि हे रोप स्वयंपाकघराचे, त्यामुळे साम्य तेवढ्यावरच थांबते. परंतु शहरातील लहान घरात राहणाऱ्या आणि मातीची ओढ न सुटलेल्या माणसाला या दुसऱ्या ऊर्ध्वमूलाची माहिती करून घेणे निश्चित उपयोगाचे आहे. म्हणून पुण्यातील आमच्या दक्षिणाभिमुख सज्ज्यात चार हिवाळे केलेल्या लागवडीच्या अनुभवावरून हा मजकूर लिहीत आहे.

अंगण गेले, परसू गेले, आणि उरलेल्या सज्ज्यातही धुण्याचे यंत्र, कपड्यांची दांडी आणि तुळशीची कुंडी यांनी जमीन व्यापली, म्हणजे झाडाला जागा उरते ती केवळ अधांतरी. अमेरिकेत या शतकाच्या पहिल्या दशकात ‘टॉप्सी टर्व्ही’ नावाची टांगती पिशवी दूरचित्रवाणीवरील जाहिरातींमुळे पुष्कळ खपली आणि टोमॅटो उलटा टांगण्याची ही पद्धत लोकांच्या परिचयाची झाली. आपल्याकडे त्या पिशवीची आवश्यकता नाही. रंगाची रिकामी, स्वच्छ धुतलेली पंधरा लिटरची बादली तेच काम करते. युक्तीचे मूळ टोमॅटोच्या स्वभावातच आहे. दक्षिण अमेरिकेच्या पश्चिम भागात उगम पावलेली आणि पोर्तुगिजांच्या मार्फत हिंदुस्थानात आलेली ही वनस्पती स्वतःच्या बळावर ताठ उभी राहणारी नव्हे. आधार मिळाला नाही तर ती जमिनीवर पसरते. म्हणूनच जुन्नर तालुक्यात नारायणगावच्या परिसरातील शेतकऱ्याला बांबू, तार आणि सुतळी यांचा मोठा खर्च सोसून तिची बांधणी करावी लागते. रोप उलटे टांगले की आधाराची ही सारी तरतूद वाचते, असा या पद्धतीमागचा हिशेब आहे.

हा हिशेब पूर्ण खरा नाही, कारण रोपाला स्वतःचे मत असते. पहिल्या वर्षी मी संध्याकाळी रोप लावून बादली टांगली तेव्हा त्याचा शेंडा सरळ जमिनीकडे होता. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेऊन सज्ज्यात गेलो तो शेंड्याची शेवटची तीन बोटे वर वळलेली, आणि आठवडाभरात संपूर्ण खोडाला माशाच्या गळासारखा बाक आलेला. पाने बादलीच्या कडेशी झोंबत आकाशाकडे निघाली होती. रोप बिघडले असे वाटून मी ते पुन्हा खाली वळवू लागलो आणि बाकापाशी खोड चरकन् मोडले. तो दोष रोपाचा नव्हता, माझ्या अज्ञानाचा होता.

वनस्पतीला वर आणि खाली कळते ते कशामुळे, हा प्रश्न दोन शतकांपूर्वीच शास्त्रज्ञांनी हाती घेतला होता. टॉमस अँड्र्यू नाइट या इंग्रज उद्यानतज्ज्ञाने बागेतील ओढ्याच्या प्रवाहावर फिरणारे चाक बसवून त्यावर भिजलेले बी रुजवले. चाकाच्या वेगामुळे बियांवरील ओढ बाहेरच्या दिशेने झाली, तेव्हा मुळे बाहेर आणि अंकुर चाकाच्या मध्याकडे वाढले. 1806 साली त्याने हे प्रसिद्ध केले आणि मुळांची व अंकुराची दिशा गुरुत्वाकर्षणाने ठरते हे प्रत्यक्ष सिद्ध झाले. पुढे 1880 साली चार्ल्स डार्विनने आपला पुत्र फ्रान्सिस याच्या साहाय्याने वनस्पतींच्या हालचालींवर एक स्वतंत्र ग्रंथच लिहिला. आज आपल्याला ठाऊक आहे ते असे की, खोडातील विशिष्ट पेशींमध्ये पिष्टाचे जड कण असतात आणि खोड आडवे वा उलटे झाले की ते कण पेशीच्या नव्या तळाशी जाऊन बसतात. त्या इशाऱ्याने ऑक्झिन नावाचे वृद्धिद्रव्य खोडाच्या खालच्या बाजूस अधिक जमते, ती बाजू वरच्या बाजूपेक्षा अधिक लांबते आणि खोड वर वळते. रोप उलटे टांगल्याने हा नियम रद्द होत नाही. रोप आपल्या धर्माप्रमाणे वर वळणारच. पुढे फांद्या वाढल्या, फळे धरली, म्हणजे त्यांच्या वजनाने ते पुन्हा खाली झुकते. हे वळण स्वाभाविक आहे एवढे ध्यानात ठेवून त्याला हात न लावणे हीच मुख्य दक्षता होय.

यातूनच वाणाची निवड ठरते. बाजारात किलोने मिळणाऱ्या मोठ्या फळांचे वाण येथे उपयोगाचे नाहीत. त्या फळांचा भार नेमका बाकावर पडतो. बोराएवढ्या फळांचे, घोसाने लागणारे चेरी टोमॅटो हेच टांगत्या बादलीस योग्य.

लागवडीची कृती अवघड नाही, तिला संयम मात्र लागतो. बादलीच्या तळाला मध्यभागी सुमारे दोन इंचांचे गोल छिद्र पाडावे आणि स्पंजाच्या वा जाड जुन्या कापडाच्या चकतीला कडेपासून मध्यापर्यंत एक चीर द्यावी. वीतभर उंचीच्या रोपाची पाने कागदाच्या शंकूत अलगद गुंडाळून रोप आतल्या बाजूने छिद्रातून खाली उतरवावे आणि खोडाभोवती ती चकती बसवावी, म्हणजे माती गळत नाही. खालची पाने काढून खोडाचा थोडा भाग मातीतच राहू द्यावा, कारण टोमॅटोच्या पुरलेल्या खोडालाही मुळे फुटतात. हे करताना बोटांना हिरवट पिवळा डाग पडतो आणि एक उग्र वास लागतो. रोपाच्या अंगावरील बारीक लवेतून पाझरणाऱ्या रसाचा तो वास ज्याने एकदा घेतला, त्याला टोमॅटोचे रोप अंधारातही ओळखता येईल. नंतर माती, कोकोपीट आणि गांडूळखत समभाग घेऊन, मूठभर निंबोळी पेंड मिसळून बादली भरावी. बादलीचे उघडे तोंड मोकळे न ठेवता त्यात धने पेरावेत: कोथिंबीर घरात येते, मातीवर सावली राहते, आणि पाण्याची ओढ लागली की कोथिंबीर आधी मान टाकते, त्यामुळे टोमॅटोची तक्रार उद्भवण्यापूर्वीच आपल्याला इशारा मिळतो.

भिजलेल्या मातीसह ही बादली पंधरा किलोंच्या आसपास भरते. एवढे ओझे कपड्यांच्या दांडीला, खिडकीच्या जाळीला किंवा शोभेच्या खोट्या छताला अडकवणे हा केवळ निष्काळजीपणा नव्हे, तर खालून जाणाऱ्या माणसाच्या जिवाशी खेळ आहे. सज्ज्याच्या कठड्याबाहेर तर बादली कधीही टांगू नये. काँक्रीटच्या छतात जाणत्या कारागिराकडून पक्का आकडा बसवून घ्यावा, साखळी वापरावी, आणि वरच्या मजल्यावर वारा फार असेल तर बादली गरगर फिरू नये म्हणून कडेने एक दोरीही बांधावी. गळणाऱ्या पाण्याचा बंदोबस्तही आरंभीच केलेला बरा. आमच्या खालच्या मजल्यावरील आजी एके दिवशी वर आल्या आणि हातातले पांढरे लुगडे पसरून म्हणाल्या, “हे बघा हो, तुमच्या बागेनं माझ्या पातळाला चहा पाजलाय.” कोकोपीटचे तांबूस पाणी ठिबकून लुगड्यावर डाग पडले होते. त्या दिवसापासून मी कोकोपीट दोनदा धुऊन वापरतो, बादलीखाली रुंद परात ठेवतो, आणि पहिल्या घोसातील वाटीभर टोमॅटो आजींकडे जातात.

खरी कसोटी आहे ती पाण्याची. जमिनीवरच्या कुंडीपेक्षा चोहोबाजूंनी वारा लागणारी बादली लवकर सुकते. हिवाळ्यात रोज एकदा आणि ऊन तापू लागले की सकाळ-संध्याकाळ दोनदा पाणी द्यावे लागते. दोन दिवस विसरून तिसऱ्या दिवशी भरभरून पाणी ओतले, तर फळाच्या बुडाशी काळा, खोलगट चट्टा पडतो. पुष्कळांना हा रोग वाटतो आणि ते औषध फवारतात. वास्तविक कॅल्शियम फळापर्यंत पाण्याबरोबरच वाहत जाते. पाण्याचा पुरवठा खंडित झाला की ते कमी पडते आणि फळाचे बूड काळवंडते. अंड्यांची टरफले मातीत घालण्यापेक्षा पाण्याची वेळ पाळणे हा अधिक खात्रीचा इलाज आहे. रोजच्या पाण्याबरोबर खतही वाहून जाते, म्हणून आठवड्यातून एकदा गांडूळखताचे पातळ पाणी द्यावे.

टोमॅटोचे पिवळे फूल एरवीही खाली तोंड करूनच लोंबते, त्यामुळे रोप उलटे टांगल्याने त्याचे काही बिघडत नाही. त्याचे पराग पुंकेसरांच्या बंद नळीत असतात आणि फूल हलले की ते बाहेर पडतात. शेतात हे काम वारा करतो, आणि फुलाला धरून अंग थरथरवणारा काळा भुंगाही करतो. मधमाशीला ही थरथर साधत नाही. बंदिस्त सज्ज्यात भुंगा क्वचितच येतो, म्हणून सकाळी दहाच्या सुमारास घोसाच्या देठावर बोटाने दोन-तीन टिचक्या माराव्यात. मी हे रोज करतो, आणि त्या वेळी नखावर पडलेली पिवळी धूळ पाहण्यात जो आनंद आहे तो फळ तोडण्यापेक्षा कमी नाही.

माझा स्पष्ट अभिप्राय विचाराल तर असा: ज्यांच्या सज्ज्यात कुंडी ठेवण्यापुरती उन्हाची जमीन आहे, त्यांनी रोप सरळच लावावे आणि काठीला बांधावे; त्याची निगा सोपी जाते, आणि उलटे टांगल्याने फळ अधिक येते असा माझा अनुभव नाही. ज्यांच्याजवळ ती जमीन नाही, त्यांनी मात्र ही बादली अवश्य टांगावी. टोमॅटोला रोज निदान सहा तास ऊन हवे. दक्षिणेकडील सज्ज्यात उन्हाळ्याचे ऊन डोक्यावरून जाते, पण हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असल्याने तेच ऊन छताखालून आत येते, आणि तोच आपल्याकडे टोमॅटोचा हंगाम. चैत्र-वैशाखात दिवसाची उष्णता 35 अंशांपलीकडे गेली की फुले गळू लागतात, म्हणून त्या दिवसांत लागवडीचा हट्ट धरू नये. छतातला आकडा पावसाळ्यातच बसवून घ्यावा, गणपती विसर्जनानंतर बी पेरावे आणि दसऱ्याच्या सुमारास रोप बादलीत उतरवावे. मार्गशीर्षात पहिला घोस लाल होतो.