नैर्ऋत्येकडून आग्नेयेकडे

सावेडीतल्या आमच्या तीन मजली इमारतीच्या गच्चीवर पाण्याच्या टाकीला लागून दीड इंची जीआय पाइप अजून उभा आहे. बुडाशी, क्लॅम्पच्या जरा वर, त्याच्यावर लाल तेलरंगाची एक रेघ आहे. तशीच एक रेघ कठड्यावर. पाइप फिरवून दोन्ही रेघा समोरासमोर आणल्या की वरची अँटेना बरोबर सिंहगडाकडे बघायची. १९८६ च्या पावसाळ्यात वाऱ्याने ती तीन वेळा फिरली, तेव्हा वडिलांनी त्या रेघा ओढल्या. तोवर दर वादळानंतर अर्धा दिवस गच्चीवर जायचा.

नगर जिल्ह्यात टीव्हीचं चित्र कसं येत होतं, ते स्वच्छ करण्यासाठी लोकांनी काय काय केलं, याची कुठे फारशी नोंद नाही. कार्यक्रमांबद्दल पुष्कळ लिहिलं गेलं. पण कार्यक्रम घरात पोचायचा तो ॲल्युमिनियमच्या सात-आठ काड्यांमधून आणि चपट्या वायरीतून. त्या काड्यांचा मागोवा कुणीतरी घ्यायला हवा, असं मला फार दिवसांपासून वाटतं.

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. पुढच्याच वर्षी सिंहगडावर प्रक्षेपक बसला आणि पुण्यात चित्र दिसू लागलं. नगरपासून सिंहगड सरळ रेषेत १३० किलोमीटरच्या आसपास. आता हिशेब बघा. टीव्हीच्या लहरी साधारण नजरेसारख्या सरळ जातात, पृथ्वीची गोलाई आली की डोक्यावरून निघून जातात. मनोरा भोवतालच्या जमिनीपेक्षा जितके मीटर उंच, त्या आकड्याचं वर्गमूळ काढून चाराने गुणलं की साधारण तेवढे किलोमीटर लहर पोचते. सिंहगड समुद्रसपाटीपासून सुमारे १,३०० मीटर, नगर सुमारे साडेसहाशे. फरक ६५० मीटर, वर्गमूळ पंचवीसच्या थोडं वर, म्हणजे शंभरएक किलोमीटर. आपली अँटेना बारा मीटरवर असेल तर आणखी चौदा. बेरीज ११५ ते १२० किलोमीटर. नगर त्या क्षितिजाच्या जेमतेम पलीकडे पडतं, आणि मध्ये पारनेरचं पठार आडवं येतं. म्हणून इथे पुणं दिसायचं आणि दिसायचं नाहीही. घर चढावर असेल, पाइप दहा फूट जास्त असेल, तर चित्र. नाहीतर नुसत्या मुंग्या.

थंडीत मात्र चमत्कार व्हायचा. डिसेंबरच्या रात्री जमीन लवकर निवते, तिच्या लगतची हवा गार होते आणि वर उबदार हवेचा थर राहतो. या दोन थरांच्या सांध्यावर लहर खाली वाकते आणि एरवी डोक्यावरून जाणारं पुणं घरात उतरतं. आम्हाला तेव्हा कारण माहीत नव्हतं. ‘आज गारठा आहे, आज दिसेल,’ एवढंच आई म्हणायची आणि ते खरं ठरायचं.

दोन जपानी माणसांची नावं इथे घ्यायलाच हवीत. शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी. १९२६ साली त्यांनी जगासमोर मांडलेली रचनाच आपल्या गच्चीगच्चीवर उभी होती. एका आडव्या दांडीवर काड्या. मागची सगळ्यांत लांब, ती लहर परतवते. मग ताणलेल्या लंबगोलासारखी दुहेरी वळवलेली नळी, तिलाच वायर जोडायची. आणि पुढे क्रमाने आखूड होत जाणाऱ्या काड्या, लहर गोळा करणाऱ्या. काडीची लांबी लहरीच्या निम्मी. मुंबईचा चॅनल चार, त्याची काडी सव्वादोन मीटरच्या वर. पाच ते बारा चॅनलांची काडी ऐंशी सेंटीमीटरच्या आतबाहेर. आमचे दुरुस्तीवाले काका रस्त्यावरून जाताना वर बघून कुठल्या घरात काय लावलंय ते सांगायचे. त्यांना यातलं गणित येत नव्हतं, पण कुठली काडी कापायची आणि कुठली नाही, हे पक्कं ठाऊक होतं.

१९८४ च्या सुमारास देशात दिवसाला जवळजवळ एक प्रक्षेपक उभा राहत होता. इन्सॅट-१ बी आदल्या वर्षी वर गेला होता, त्याच्यावरून आलेला कार्यक्रम लघुशक्ती केंद्रं पुढे पाठवायची. नगरलाही असं केंद्र आलं. चित्र एकदम काचेसारखं. पण उपग्रहावरून यायची ती दिल्ली. बातम्या हिंदीत, मालिका हिंदीत. ‘आमची माती आमची माणसं’ बघायचं तर तोंड सिंहगडाकडेच वळवावं लागे. म्हणून आमच्यासारख्या कित्येक घरांनी जुनी अँटेना उतरवली नाही. एकाच पाइपावर वर पुण्याची लांब अँटेना, खाली गावातल्या केंद्राची आखूड. जवळचं स्वच्छ आणि परभाषेतलं, लांबचं मुंग्यांनी भरलेलं आणि आपलं. मला वाटतं, त्या वर्षांत मराठी ऐकण्यासाठी माणसांनी गच्चीवर जेवढे कष्ट घेतले त्याची बरोबरी पुढे कधी झाली नाही. उत्तरेकडच्या नेवासा-श्रीरामपूर भागाला पुढे म्हैसमाळच्या डोंगरावरचा मनोरा जवळ पडला, सरळ रेषेत सत्तरएक किलोमीटर. तिथल्या अँटेना ईशान्येकडे. आणि अकोले तालुक्याच्या पश्चिमेला, कळसूबाई-हरिश्चंद्रगडाच्या कुशीतल्या खोऱ्यांत, डोंगरच इतके उभे की लहर सावलीत अडकून पडायची. राज्यातलं सर्वांत उंच शिखर ज्या तालुक्यात, तिथेच चित्र सर्वांत अवघड.

इमारतीत राहणाऱ्यांची अडचण निराळी होती. घरातल्या दोन कानांच्या अँटेनाचा उपयोग नव्हता, कारण स्लॅब आणि भिंतींमधल्या लोखंडी सळ्यांची जाळी लहरीला आतच येऊ देत नाही. वर जावंच लागे. नऊ बिऱ्हाडांचे नऊ पाइप, एकमेकांच्या काड्यांत काड्या. दोन अँटेना हातभर अंतरावर आल्या की एकीने गोळा केलेलं दुसरी खाते, हे कळायला आम्हाला भांडणं करावी लागली. शेवटी १९८८ मध्ये सगळ्यांनी मिळून चार पाइप काढले आणि उरलेले दोन-दोन मीटर लांब नेले. त्याच आठवड्यात तळमजल्याचं चित्र सुधारलं.

आणखी एक त्रास होता, सावल्यांचा. पडद्यावर माणसाच्या उजवीकडे त्याचीच फिकट आकृती. समोर नवी इमारत उभी राहिली तेव्हापासून आमच्या वृत्तनिवेदकांना अशी जोड मिळाली. काकांनी पट्टी मागितली आणि पडद्यावर ठेवली. सावली दीड सेंटीमीटर बाजूला होती. चाळीस सेंटीमीटर रुंद पडदा ओलांडायला किरणाला बावन्न मायक्रोसेकंद लागतात. म्हणजे दीड सेंटीमीटर सुमारे दोन मायक्रोसेकंदांचं. तेवढ्या वेळात लहर सहाशे मीटर जाते. हा हिशेब मी पुढे कॉलेजात शिकून घातला. काका मात्र तेव्हाच म्हणाले, “ही समोरच्या इमारतीची नाही गं, ही लांबून आपटून येतीय. समोरची असती तर चिकटून असती.” त्यांनी अँटेना सिंहगडापासून मुद्दाम थोडी हटवली. मूळ चित्र किंचित मंदावलं, पण सावली जवळजवळ गेली. सर्वांत जास्त जोर जिथे, तिथेच सर्वांत चांगलं चित्र असं नसतं, हे मी त्या दुपारी गच्चीवर शिकले.

बूस्टर लावण्याची तर साथच आली होती. लोक तो टीव्हीजवळ लावत. “खाली लावला तर मुंग्यासुद्धा मोठ्या होतात,” काका सांगायचे. पन्नास फूट वायरीतून दमून आलेल्या लहरीत खरखर मिसळलेली असते. बूस्टर दोन्ही सारखेच फुगवतो. तो पाइपावर, अँटेनाच्या बुडाशी हवा. पण त्याआधी ते जोड उघडून बघत. चपट्या वायरीचं तांबं पावसाने हिरवं पडलेलं असे. चाकूने खरवडून, नव्याने पिळून, वर मेण आणि चिकटपट्टी. दहापैकी सात घरांत एवढ्यावर काम भागायचं आणि ते मजुरीही बूस्टरची लावत नसत. एका वायरीतून दोन टीव्ही चालवायला निघालेल्यांना ते आधीच सांगत की लहर निम्मी-निम्मी वाटली जाणार.

रामायणाच्या रविवारांबद्दल सगळ्यांनी लिहिलं आहे, मी थांबत नाही. १९९१ नंतर केबल आली. गच्चीतून गच्चीत काळ्या वायरी गेल्या, महिन्याला पैसे द्यायचे आणि दिशेचा विचार सोडून द्यायचा. १९९४ ला मराठीसाठी स्वतंत्र वाहिनी आली, तिचंच पुढे ‘सह्याद्री’ झालं. सिंहगडाकडे बघायचं कारणच संपलं. भंगारवाल्यांनी ॲल्युमिनियम किलोवर नेलं.

मग प्रक्षेपकही गेले. टप्प्याटप्प्याने बंद होत, ३१ मार्च २०२२ पर्यंत मोक्याच्या ठिकाणची पन्नासएक केंद्रं सोडून देशभरातलं जुन्या पद्धतीचं जमिनीवरचं प्रक्षेपण थांबलं. २०१६ मध्ये दूरदर्शनने सोळा शहरांत डिजिटल प्रक्षेपण सुरू केलं होतं. त्यात मुंबई आणि औरंगाबाद होतं, नगर नव्हतं. शहराचं नाव अहिल्यानगर झालं तोवर इथल्या हवेतून काडीने पकडावं असं दूरदर्शन उरलं नव्हतं. याची मला खंत आहे. पाइप आणि काड्यांचा खर्च एकदाच व्हायचा, पुढे महिन्याला एक पैसा लागत नव्हता, आणि मनोरा जवळ असेल तर झोपडीतही तेच चित्र दिसायचं.

फुकट मिळणारं आता उपग्रहावरून येतं. ही सेवा डिसेंबर २००४ मध्ये ३३ वाहिन्यांवर सुरू झाली, तीच आजची डीडी फ्री डिश. उपग्रह विषुववृत्तावर, ९३.५ अंश पूर्वेला. आपल्या शहरातून तो आग्नेयेला दिसतो, क्षितिजापासून सुमारे ५९ अंश वर. म्हणून दिशेचा प्रश्न इमारतीत पुन्हा आला, नव्या रूपात. ज्यांची गॅलरी पूर्वेला किंवा दक्षिणेला, त्यांची तबकडी कठड्यावर बसते. पश्चिमेच्या बिऱ्हाडांसमोर त्यांचीच भिंत. शिवाय जुनी लहर दीड मीटरच्या आसपासची, तिला पावसाचं काही वाटत नसे, वारा तेवढा नडायचा. ही लहर तीन सेंटीमीटरहूनही आखूड. जोराच्या सरीत थेंबच ती खातात.

गेल्या दिवाळीच्या आधी आमच्या पश्चिमेच्या चार बिऱ्हाडांनी मिळून गच्चीवर एकच तबकडी बसवायची ठरवलं. तिच्या तोंडाशी चार जोडांचं यंत्र, चार वायरी, चार घरं. बसवायला आलेला मुलगा मोबाइलवर कोन बघत होता. तबकडी कशावर बसवायची म्हणून त्याने आजूबाजूला पाहिलं आणि जुन्या पाइपाला हात लावला. “हा पक्का आहे, काकू. ह्याच्यावरच घेतो.” क्लॅम्प आवळण्यासाठी त्याने पाइप जरा फिरवला. लाल रेघ कठड्यावरच्या रेघेपासून बोटभर डावीकडे सरकली. वायरी त्याने वडिलांनी खिडकीच्या चौकटीत पाडलेल्या जुन्या भोकातून आत घेतल्या. भोक थोडं मोठं करावं लागलं.